घरच्या शाळेतली बाई आजारी पडते तेव्हा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेच्या पुलाच्या अलीकडे, महामार्गालगत सारोळे लागते. भोर तालुक्यातले हे गाव रस्त्यावरचे, त्यामुळे वाहनांची वानवा नाही. पण स्वतः उभे राहू न शकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन एसटीची पायरी चढायची म्हटले की हाच रस्ता परका होतो. शहरातल्या तासाभराच्या थेरपीसाठी अख्खा दिवस जातो आणि मजुरी बुडते ती वेगळीच. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांचे तर विचारायलाच नको. अशा घरांत मग शाळा आणि दवाखाना दोन्ही पडवीतच भरतात.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. तो पर्याय आहे, सक्ती नाही. ‘याला घरीच ठेवा’ असे शाळेने परस्पर सांगणे कायद्यात बसत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाकडे विशेष शिक्षक अधूनमधून येतात, मार्गदर्शन करतात आणि पुढच्या घरी जातात. उरलेले दिवस शिकवते ती बहुतेक वेळा आई.

ती शिकवते ते बाराखडीच असते असे नाही. चमचा धरणे, लघवीची सूचना देणे, सदरा घालणे हाही अभ्यासच. सदऱ्याचेच घ्या. काम लहान पायऱ्यांत तोडून शेवटची पायरी आधी शिकवण्याची एक पद्धत आहे. बाकीची सगळी बटणे आईने लावायची, फक्त शेवटचे मुलाने. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. ते जमले की शेवटची दोन. या दोन बटणांमध्ये कधी महिना जातो, आणि मध्येच एखादा ताप येऊन शिकलेले पुसूनही टाकतो. शेजारणीला यात ‘शिकवणे’ काही दिसत नाही. घरच्यांनाही बऱ्याचदा दिसत नाही.

या कामाचा हिशेब शरीर मात्र ठेवते. २००४ मध्ये अमेरिकेत एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या गटाने दीर्घ आजारी मुलांना सांभाळणाऱ्या ३९ आणि निरोगी मुलांच्या १९ आयांच्या रक्तपेशी तपासल्या. गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर वयानुसार आखूड होत जातात. केवळ मूल आजारी आहे म्हणून दोन गटांत फरक दिसला नाही. पण सांभाळाची वर्षे जितकी जास्त आणि जाणवणारा ताण जितका मोठा, तितके टेलोमिअर आखूड आढळले. अभ्यास लहान होता, त्यावरून भविष्य सांगता येत नाही. (ब्लॅकबर्न यांना टेलोमिअरवरील संशोधनासाठी २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.) तरी ‘आईला काय होतंय’ या वाक्याला त्याने चांगलाच धक्का दिला.

कंबरेचे दुखणे त्याहून साधे आणि रोजचे. मूल वाढते, उचलणारी तीच राहते. उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, मुलाला छातीजवळ घ्यावे. शक्य तिथे एकटीने उचलूच नये. झोप उडणे, कशातच मन न लागणे, कारण नसताना रडू येणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो स्वभाव नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलाची फाइल दाखवताना स्वतःचाही केसपेपर काढावा.

आणि आठवड्यातून निदान दोन तास मूल दुसऱ्या कुणाकडे हवे. शिरवळच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला बाप, आजी, मोठी बहीण, कुणीही चालेल. ‘तो माझ्याशिवाय खातच नाही,’ असे आई म्हणते आणि ते खोटे नसते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाठ आणि मान सरळ ठेवून, लहान घास देत भरवावे लागते. हे दुसऱ्यालाही शिकावेच लागते. म्हणून विशेष शिक्षक पुढच्या वेळी येतील तेव्हा सतरंजीवर आईच्या शेजारी बापालाही बसवावे, आणि त्या दिवशी घास त्याने भरवावा.