मोडेम मल्टिप्लेक्सिंग
मोडेम मल्टिप्लेक्सिंग : संगणक व मोडेम यांना जोडणाऱ्या एकाच तारमार्गावरून अनेक स्वतंत्र संदेशप्रवाह चालविण्याची पद्धत. संगणकाच्या बाजूने हे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते. दोन टोकांची यंत्रे बहुधा निरनिराळ्या उत्पादकांची असल्यामुळे ड्रायव्हरने ठरलेल्या मानकाचे काटेकोर पालन करणे आवश्यक असते.

धुळे जिल्ह्यातील नरडाणा येथून जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गावरील प्रवासी बसचे उदाहरण घेता येईल. केंद्रीय नियमांनुसार १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, काही अपवाद वगळता, स्थाननिदर्शक उपकरण व आपत्कालीन बटण असावे लागते. अशा उपकरणातील मोडेमला एकच तारमार्ग असेल, तर त्यावरून माहिती जात असताना मोडेमला दुसरी आज्ञा देता येत नाही. त्यासाठी माहितीचा ओघ थांबवावा लागतो. मल्टिप्लेक्सिंगमुळे ही अडचण दूर होते.

यासाठी जीएसएम ०७.१० हे मानक तयार झाले; पुढे ते थ्रीजीपीपी २७.०१० म्हणून प्रसिद्ध झाले. ‘एटी+सीमक्स’ ही आज्ञा दिल्यावर तारमार्गावरील सर्व मजकूर लहान चौकटींत विभागला जातो. मूलभूत प्रकारात एका चौकटीतील मजकूर, वेगळे ठरविले नसल्यास, जास्तीत जास्त ३१ बाइटांचा असतो. चौकटीच्या पत्त्याच्या बाइटातील ६ बिटे मार्गिकेचा क्रमांक दर्शवितात. ० क्रमांकाची मार्गिका नियंत्रणासाठी राखून ठेवलेली असते.

त्याच बाइटातील एक बिट चौकट आज्ञेची आहे की उत्तराची, हे सांगते. त्याचे मूल्य पाठविणाऱ्याच्या भूमिकेवर अवलंबून असते. जोडणी सुरू करणारा प्रारंभक आज्ञेसाठी १ व उत्तरासाठी ० लिहितो. प्रतिसादक याच्या नेमके उलट लिहितो.

लिनक्स प्रणालीत या मानकाचा ड्रायव्हर ॲलन कॉक्स यांनी लिहिला व २०१० मध्ये तो प्रणालीत समाविष्ट झाला. पुढील एका फेरफारानंतर तो बाहेर जाणाऱ्या चौकटींत हे बिट, चौकटीचा प्रकार न पाहता, १ करू लागला. प्रारंभकाच्या आज्ञांपुरते ते बरोबरच होते. परंतु त्याची उत्तरे आज्ञांसारखी दिसत. हे बिट न तपासणाऱ्या मोडेमबरोबर असा दोष उघड होत नाही. मात्र मानकानुसार ते तपासणारा मोडेम अशी चौकट नाकारू शकतो. चौकटीच्या शेवटी असणाऱ्या पडताळणी-बाइटानेही तो सापडत नाही. हा बाइट तारमार्गात झालेला बिघाड ओळखतो. पाठविणाऱ्यानेच चुकीचे बिट लिहून त्यावरून पडताळणी काढली असेल, तर चौकट निर्दोष ठरते.

२०२२ मध्ये मानकातील कोष्टकाशी ताडून ड्रायव्हरमधील हा व इतर अनेक दोष दुरुस्त करण्यात आले. भूमिका व चौकटीचा प्रकार या दोहोंवरून बिटाचे मूल्य ठरू लागले. अशा दुरुस्तीची खात्री करण्यासाठी ड्रायव्हर प्रारंभक व प्रतिसादक या दोन्ही भूमिकांत चालवून पाहावा लागतो. एखाद्या मोडेमबरोबर ड्रायव्हर चालतो, एवढ्यावरून तो मानकानुसार आहे असे सिद्ध होत नाही. उपकरणातील मोडेम बदलला की हा भेद पुढे येतो, आणि आपत्कालीन संदेश पोहोचणे किंवा न पोहोचणे त्यावर अवलंबून राहू शकते.