डिपस्टिकवर चढलेलं ऑइल

इंजिनातलं ऑइल कमी झालं तर काळजी करायची, एवढंच मला ठाऊक होतं. माझं वाढलं होतं. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, तरी ऑइल वरच्या खुणेच्या अर्धं बोट वरच. मनात म्हटलं, बरंय, गाडी ऑइल खात नाही.

जुईनगरहून शिरवण्याच्या एमआयडीसीकडे वळलं की गॅरेजं लागतात. तिथल्या मिस्त्रींनी डिपस्टिक काढली, थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग पेपरच्या कोऱ्या समासावर एक थेंब टेकवला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट, तेलकट कडं पसरत गेलं.

"डिझेल उतरलंय. गाडी रोज कुठवर जाते?"

"तुर्भ्याच्या मार्केटला. तीन-चार किलोमीटर."

"मग बरोबर आहे."

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सहा या प्रदूषण नियमांच्याच नव्या गाड्या विकल्या जातात; माझीही त्यातलीच. अशा डिझेल गाडीत धूर बाहेर पडायच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला गॅरेजात डीपीएफ म्हणतात. तो भरत आला की आतली काजळी जाळावी लागते. त्यासाठी माझ्यासारख्या गाडीचं इंजिन जादा डिझेल मारतं, तेही उशिरा, म्हणजे जाणारा धूर तापावा. त्यातलं थोडं सिलिंडरच्या लायनरवरून ओघळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. गाडी हायवेला सलग पळाली तर काजळी एका दमात जळते, उतरलेलं डिझेलही बरंचसं उडून जातं. मी मात्र दर वेळी अर्ध्यातच चावी बंद करत होतो. पुढच्या फेरीला पुन्हा डिझेल, पुन्हा अर्धवट. ऑइल असं पातळ झालं की बेअरिंगवरचा थर टिकत नाही, आणि मग इंजिन खोलायची वेळ येते.

इंजिन कोमट असतानाच चेंबरचा नट सोडला. ऑइल पाण्यासारखं पडलं. काळं होतं, पण त्याचं मिस्त्रींना काहीच नव्हतं. डिझेल इंजिनाचं ऑइल हजारभर किलोमीटरमध्येही काळं होतं; काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. नुसत्या रंगावर ऑइल बदलायला लावणाऱ्याकडे मी तरी परत जाणार नाही.

खरी गंमत नवा डबा निवडताना. समोर दोन ठेवले, दोन्ही सिंथेटिक, दोन्ही 5डब्ल्यू-30. हा आकडा फक्त जाडी सांगतो: पहिला भाग थंडीतली, दुसरा शंभर अंशांवरची. मिस्त्रींनी डबे उलटे फिरवले. मागे बारीक अक्षरांत एकावर ए3/बी4, दुसऱ्यावर सी3. ऑइल थोडं जळतंच आणि त्याची राख डीपीएफमध्ये अडकते. काजळी जाळता येते, राख नाही. सी3मध्ये राखेचं प्रमाण जास्तीत जास्त 0.8 टक्के, ए3/बी4मध्ये ते दीडपटीच्याही पुढे जाऊ शकतं. गाडीच्या पुस्तिकेत सी3च लिहिलेलं होतं. ती मी तेव्हा पहिल्यांदा उघडली.

शेजारी जेएनपीटीला जाणारा जुना ट्रेलर उभा होता. त्याला डीपीएफच नाही. त्याच्यासाठी 15डब्ल्यू-40, सीआय-4ची बादली. त्याचा हिशेब मिस्त्री किलोमीटरवर करत नाहीत. बंदराच्या रांगेत गाडी हलत नाही, इंजिन चालूच असतं, म्हणून ते ड्रायव्हरला तास विचारतात.

नटाला तांब्याचा नवा वायसर, नवा फिल्टर, आणि ऑइल दोन खुणांच्या मधे. जुनं ऑइल झाकणाच्या ड्रममध्ये गेलं; कायद्याने तो घातक कचरा आहे आणि परवानाधारक रिसायकलरलाच द्यावा लागतो.

आता दर रविवारी गाडी पनवेलच्या पुढे अर्धा-पाऊण तास सलग पळवतो. दोन महिने झाले, पातळी चढलेली नाही. तुमचीही गाडी बीएस-सहा डिझेल असेल आणि फेऱ्या जवळच्याच असतील, तर पंधरा दिवसांतून एकदा डिपस्टिक काढा. ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, आधी वास घ्या.