वादळी पाखरू

आषाढातील एखाद्या वादळी रात्रीनंतर शाळेच्या पडवीत काळसर, बुलबुलाएवढे पाखरू निपचित पडलेले मुलांना सापडावे, ही गोष्ट भिवंडी तालुक्यात अशक्य नव्हे. समुद्र येथून सरळ रेषेत अवघा पंचवीस-तीस किलोमीटर दूर आहे आणि वसईच्या खाडीतून भरतीचे पाणी तर तालुक्याच्या शिवारालाच भिडते. अशा पाखराच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा व चोचीवर नळीसारखे नाक दिसले, तर तो बहुधा विल्सनचा वादळी पक्षी होय.

याचे वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम. परंतु जन्मस्थान दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंड व त्याभोवतालची बेटे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून ठाणे जिल्हा सुमारे ९,५०० किलोमीटर दूर आहे. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. त्या दिवसांत खडकांच्या कपारीत मादी एकच अंडे घालते व ते तिच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतके जड भरते. आईबाप ते आळीपाळीने उबवितात. शिकारी पक्ष्यांच्या भयाने घरट्यात ये-जा रात्रीच होते. कधी अवेळी बर्फ पडून कपारीचे तोंड बुजते आणि आतले पिल्लू उपाशी मरते. तिकडील उन्हाळा सरताच हे पक्षी उत्तरेकडे निघतात व आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात येतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया व अरबस्तानच्या किनाऱ्यांजवळ खोल पाणी वर येते, त्याबरोबर पोषक द्रव्ये येतात आणि समुद्रात अन्नाची रेलचेल होते. पृथ्वीचा गोल हाती घेऊन ऋतूंचा पाठ शिकविणाऱ्या शिक्षकाला याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

समुद्रावर त्याची चाल मोठी मौजेची असते. पंख पसरून, पाय पाण्याला लावीत तो जणू लाटांवर चालतो आणि पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव टिपतो. अन्नाचा माग तो वासावरून काढतो. गोडे पाणी नसले तरी त्याचे अडत नाही. डोळ्यांजवळील ग्रंथी रक्तातील जास्तीचे मीठ वेगळे करतात व ते खारट द्रवाच्या रूपाने नाकावाटे बाहेर पडते. तो वादळ आणतो, ही जुन्या खलाशांची समजूत मात्र निराधार आहे. वादळच त्याला आणते.

जमिनीवर हा समर्थ पक्षी अगदी लाचार होतो. पाय इतके दुबळे की धड उभेही राहवत नाही. उडता येत नाही असे पाहून मुले त्याला हवेत फेकतात किंवा चोच उघडून पाणी पाजतात. हेतू चांगला असला तरी पहिल्याने हाड मोडते, दुसऱ्याने पाणी श्वासनलिकेत जाते. शिक्षकाने तो मऊ फडक्यात धरून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधाऱ्या, शांत जागी ठेवावा, काहीही भरवू नये आणि त्याच दिवशी वनविभागास कळवावे. फार हाताळल्यास पिसांचे पाणी अडविण्याचे सामर्थ्य कमी होते, म्हणून वर्गभर दाखवीत फिरण्याचा मोह टाळणे बरे. सावरलेला पक्षी पुढे किनाऱ्यावरून, शक्यतो कावळे व घारी विसावल्यावर, तिन्हीसांजेला सोडतात.