पडद्यावरील खेळांचा पंक्तिप्रपंच

बुद्धिबळ श्रेष्ठ की सोंगट्या श्रेष्ठ, हा वाद आपल्याकडील ओसऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या रंगत आला आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र असा वाद घरांतून ऐकू येत नाही. वडीलमंडळींच्या मते ते सर्व सारखेच टाकाऊ, आणि मुलांच्या मते सर्व सारखेच उत्तम. दोन्ही पक्षांत निवड अशी कोणीच करीत नाही. १९७२ साली ‘पाँग’ या यंत्राने हे खेळ लोकप्रिय केले, तेव्हापासून मोजले तरी आज अर्धे शतक उलटून गेले आहे. इतक्या काळात जे निर्माण झाले त्यात हिणकस पुष्कळ असणार आणि अस्सलही काही असणार. तेव्हा आज मी उघडउघड पंक्तिप्रपंच करणार आहे. माझ्या आवडीचे पाच खेळ कोणते, आणि कोणाचे पान कोठे मांडावयाचे, हे कारणांसह सांगणार आहे.

प्रथम माप ठरविले पाहिजे. खप हे माझे माप नव्हे. चित्रांचा झगमगाटही नव्हे, कारण दहा वर्षांत तो फिका पडतो. नियम किती थोडे आणि त्यांतून उद्भवणारे प्रसंग किती अगणित, हे मी पाहतो. दुसरे असे की, डाव हरल्यावर ‘चूक माझीच झाली’ असे खेळणाऱ्यास मनोमन वाटले पाहिजे. या दुसऱ्या कसोटीमुळे आजच्या मोबाईलवरील कित्येक खेळ पंगतीबाहेरच राहतात. हरलास काय, मग पैसे मोज आणि पुन्हा उठून बस, असा त्यांचा व्यवहार असतो. पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची व आत काय निघते ते नशिबावर सोपवावयाचे, ही रीत काही खेळांत बोकाळली, तेव्हा २०१८ साली बेल्जियमच्या नियामक मंडळाने तिला जुगार ठरविले. आपल्या संसदेनेही २०२५ साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. घरातील मुलाच्या हाती यांपैकी कोणता खेळ आहे, हे पाहण्याइतकी पारख आपणास हवी, म्हणूनच हा खटाटोप.

पाचवे पान ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे. जपानातील तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी १९७८ साली तो रचला. परग्रहावरील शत्रूंच्या रांगा वरून खाली सरकत येतात व आपण त्या टिपावयाच्या, एवढाच खेळ. परंतु शत्रू जसजसे कमी होतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. गंमत अशी की, यंत्र दुबळे होते; पडद्यावर आकृत्या पुष्कळ असल्या म्हणजे ते रखडे आणि कमी झाल्या म्हणजे धावू लागे. निशिकादो यांनी हा दोष दुरुस्त न करता तसाच ठेवला, आणि तोच खेळाचा प्राण ठरला.

चौथा ‘स्नेक’, म्हणजे नोकियाच्या फोनवरील साप. तानेली आर्मान्तो या फिनलंडच्या अभियंत्याने १९९७ च्या ‘६११०’ या फोनसाठी तो बसविला. मूळ कल्पना त्याहून वीस वर्षे जुनी. साप खातो, लांब होतो, आणि अखेरीस स्वतःच्याच शेपटीस अडखळून मरतो. आपल्याकडे ज्यांनी संगणक कधी पाहिला नव्हता अशा असंख्य माणसांनी हाच खेळ प्रथम खेळला. त्याविषयी अधिक बोलण्यासारखे नाही. तसा तो उथळच आहे.

तिसऱ्या पानावर ‘पॅकमॅन’ येतो. नामको कंपनीतील तोरू इवातानी यांनी १९८० साली तो पुढे आणला. त्या काळच्या खेळघरांत मारामारीचे खेळ व त्यांभोवती पुरुषांची गर्दी असे. स्त्रियांनाही यावेसे वाटावे म्हणून इवातानींनी खाण्याची कल्पना घेतली. पिवळे तोंड चक्रव्यूहात ठिपके खात फिरते व चार भुते त्याच्या मागे लागतात. वरवर पाहता चारही सारखी. परंतु प्रत्येकाचा नियम निराळा आहे. तांबडे भूत सरळ पाठीस लागते. गुलाबी भूत आपल्या पुढच्या चार घरांवर नेम धरून दबा धरते. निळे भूत आपली आणि तांबड्याची, अशा दोघांच्या जागा पाहून चाल ठरविते, म्हणून ते लहरी वाटते. नारिंगी भूत दूर असेतोवर अंगावर येते आणि जवळ आले की एकाएकी आपल्या कोपऱ्याकडे पळते. वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात ते हेच. यंत्रापाशी बुद्धी मुळीच नाही, चार लहान नियम आहेत. तरीही खेळणाऱ्याला चार स्वभाव दिसतात. असे असता याला वरचे पान का नाही? कारण चक्रव्यूह बदलत नाही आणि भुते नियम मोडीत नाहीत. त्यामुळे चिकाटीच्या माणसाला मार्ग तोंडपाठ करता येतो, आणि पाठांतर सुरू झाले की खेळ संपला. यंत्राच्या आत पातळीचा आकडा आठ बिटांत, म्हणजे २५५ पर्यंतच मावतो. म्हणून २५६ व्या पातळीवर अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जातो व पुढे जाताच येत नाही.

दुसरे पान ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे आहे, आणि येथे माझ्यातील शिक्षक पक्षपात करीत असेल तर त्यास माझा इलाज नाही. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी १९८५ साली निन्तेन्दोसाठी केलेला हा खेळ एखाद्या उत्कृष्ट पहिल्या धड्यासारखा आहे. आरंभी मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. ‘पुढे जा’ असे कोठेही लिहिलेले नाही. पण कोणीही उजवीकडेच जातो. लगेच एक शत्रू समोरून येतो. उडी न मारल्यास मरण, परंतु ते अगदी आरंभीच आल्यामुळे काहीच गमावल्यासारखे होत नाही. वर प्रश्नचिन्हाची पेटी दिसते. तिला डोके लागले की अळंबे बाहेर पडते, पुढच्या नळास आपटते आणि उलट आपल्याकडेच येते. नवखा मनुष्य घाबरून टाळावयास जातो, पण वरच्या विटांमुळे ते बहुधा जमत नाही. अळंबे अंगाला लागते आणि मारिओ मोठा होतो! अळंबे हितकर आहे हा पाठ मिळाला, आणि शब्द एकही खर्च झाला नाही. बालवर्गाच्या शिक्षकांनी ही पहिली दोन मिनिटे एकदा बारकाईने पाहावीत. काटकसरही तशीच: सर्व खेळ सुमारे चाळीस किलोबाइटांत बसविला आहे, आणि आकाशातील ढग व जमिनीवरील झुडपे ही एकच आकृती असून केवळ रंग निराळा आहे.

येथे कोणी विचारील की, ‘माइनक्राफ्ट’ कोठे? २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. मला तो आवडतो. पण माझ्या मते तो खेळ नसून खेळण्यांचा पेटारा आहे, आणि पेटाऱ्यास पंगतीत बसविता येत नाही.

आता पहिले पान, ते अर्थात ‘टेट्रिस’चे. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ साली तो लिहिला. त्यांच्या यंत्रास चित्रे काढता येत नसत. म्हणून कंसाच्या चिन्हांनीच त्यांनी चौकोन उभे केले. पाच चौरसांच्या जुळणीचे एक जुने कोडे त्यांना प्रिय होते; त्यातील बारा आकृत्या फार होतात असे पाहून त्यांनी चार चौरसांच्या सात आकृत्या घेतल्या. त्या वरून पडतात, आपण फिरवून बसवावयाच्या. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. नियम संपले. आपल्याकडे १९९० नंतर मुलांच्या हाती जो लहानसा ‘ब्रिक गेम’ आला, तो हाच.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक गंमत करून पाहावी. सात आकृत्या, प्रत्येकी चार घरे, मिळून अठ्ठावीस घरे. मग चार गुणिले सात असा आयत या सातांनी भरता येईल काय? मुळीच नाही. आयतास बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे काळी व पांढरी घरे पाडा. प्रत्येकी चौदा होतील. सहा आकृत्या कशाही ठेवल्या तरी दोन काळी व दोन पांढरी घरे व्यापतात. सातवी आकृती म्हणजे तीन घरांची पट्टी व तिच्या मधल्या घरास चिकटलेले चौथे घर. ती एका रंगाची तीन आणि दुसऱ्याची एक व्यापते. बेरीज पंधरा व तेरा होते, चौदा-चौदा कधीच नाही.

याहून खोल गोष्टीही विद्वानांनी शोधल्या आहेत. दोन नागमोडी आकृत्या आळीपाळीने येत राहिल्या तर कितीही निष्णात खेळाडू अखेर हरणारच, हे हायडी बर्गिल या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली सिद्ध केले. २००२ साली एमआयटीतील तिघांनी दाखविले की, पुढे येणाऱ्या सर्व आकृत्या आधी सांगून ठेवल्या तरीही सर्वोत्तम मांडणी शोधणे हे संगणकालाही अतिदुर्घट गणितांच्या वर्गात मोडते. नियम इतके थोडे आणि खोली एवढी, हे लक्षण मला पडद्यावरील दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळलेले नाही. रचणाऱ्यास मात्र बरीच वर्षे यातून काही मिळाले नाही. हक्क सोव्हिएत सरकारकडे होते. १९८९ पासून निन्तेन्दोच्या हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’ यंत्राबरोबर खेळ जगभर गेला, पण पाजितनोव्ह यांना आपला वाटा १९९६ नंतरच मिळू लागला.

हा खेळ जिंकता येत नाही. किती वेळ तग धरता एवढाच प्रश्न असतो. निन्तेन्दोची १९८९ ची आवृत्ती मात्र डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत नेली, आणि तेथे यंत्रच गोठून थांबले. माणसाने ते यंत्र थकविण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्यांना आज रात्रीच आरंभ करावयाचा असेल त्यांनी एका कडेचा उभा रकाना रिकामा ठेवावा, बाकीची भरणी सपाट राखावी, आणि चार घरांची सरळ काठी येईपर्यंत धीर धरावा. ती आली की चार ओळी एकदम जातात.