मोत्या पुन्हा पळाला

सकाळी सव्वासहाच्या सुमारास दूधवाल्यानं गेटची कडी काढली की आमच्या गल्लीत एक आरोळी ठरलेली असायची, ‘‘सर, पळालं बघा तुमचं!’’ काय पळालं, हे विचारायची गरज नसे. मी एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशा अवस्थेत रस्त्यावर येईपर्यंत मोत्या तरोड्याचं प्लॉटिंग ओलांडून पलीकडच्या सोयाबीनच्या रानाला लागलेला असे. मी ओरडायचो, ‘‘मोत्याऽऽ!’’ तो थांबायचा, मान वळवून पाहायचा, आणि मी वीस पावलांवर आलो की पुन्हा पळायचा. ज्यांच्या घरी असं कुत्रं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्याकडे नाही, ते त्या वेळी गच्चीवर चहा पीत उभे असतात.

संत नामदेवांच्या मागच्या-पुढच्या कथांमधली एक कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, देवा, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नामदेवांचं नर्सी आमच्यापासून फार लांब नाही, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्याच ग्रंथाला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली गुरुपद दिलं ते आमच्या नांदेडला. म्हणजे कुत्र्यामागे धावण्याची थोर परंपरा या मुलखात आहेच. फरक इतकाच की नामदेवांच्या हातात तुपाची वाटी होती आणि माझ्या हातात दुसऱ्या पायातली चप्पल.

मोत्या मुळात लातूरकडचा. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. त्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मावसभावानं दोन महिन्यांचं पिल्लू आणून दिलं, तेव्हा ते सगळं पायच पाय होतं. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं. आईनं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘खायला घालत न्हवते का रे ह्याला?’’ तिला वर्षभर पटवावं लागलं की ही जातच अशी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, पश्चिमेकडून ही कुत्री दख्खनमध्ये आली आणि म्हणून कारवानी झाली, असं सांगतात. कानांवर, शेपटीवर लांब केस असलेली ती पश्मी; फारसीत पश्म म्हणजे लोकर. कर्नाटकात याच घराण्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या कुत्र्याचं २००५ साली टपाल खात्यानं तिकीट काढलं, तेव्हापासून त्याला शहरात मान मिळाला. आमच्या मोत्याच्या वाट्याला मानापेक्षा शिव्या जास्त आल्या.

हे कुत्रं वासापेक्षा नजरेनं शिकार करतं. लांबवर काही हललं की त्याचे पाय सुटतात, आणि एकदा सुटले की कान बंद होतात. विलायती ग्रेहाउंड ताशी सत्तरेक किलोमीटरनं पळतो, पण थोड्याच अंतरापुरता. कारवानीचा वेग त्याच्याएवढा नसेल, दम मात्र लांबचा. कोरडवाहू रानात सशामागं मैलोगणती धावण्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेलं हे जनावर. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, सशा-हरणांची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण ज्या कामासाठी हे कुत्रं जन्माला घातलं ते काम गेलं, पाय तेवढे राहिले. ते पाय आम्ही तीस बाय चाळीसच्या प्लॉटमध्ये आणून ठेवले आणि भोवती साडेचार फुटांची भिंत घातली. ती भिंत तो उडी मारून नव्हे, नुसता पाय टेकवून ओलांडायचा.

हे सगळं ज्ञान मला नंतर झालं. पहिल्या पाच-सहा वेळा मी एकच गोष्ट करत होतो. तो सापडला की मारायचो. दोन तास उन्हात फिरल्यावर, चार ठिकाणी हात जोडल्यावर, तो शेपूट हलवत समोर आला की माझा हात उठायचा. एकदा चामडी पट्ट्यानं मारलं. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. त्याच्या पुढच्या वेळी मोत्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला, मला पाहिलं आणि उलटा फिरला. रात्री अकरापर्यंत आला नाही. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुम्ही त्याला पळाल्याबद्दल मारलं असं तुम्हाला वाटतं. त्याच्या हिशेबी तुम्ही त्याला परत आल्याबद्दल मारलं.’’ तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस मी. उशिरा का होईना शाळेत आलेल्या पोराला दारातच छडी दिली की ते उद्यापासून येत नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

मग तो प्रकार घडला. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा सायकलवरून शिकवणीला निघाला होता. भिंतीवरून मोत्या उतरला आणि फिरत्या चाकामागे लागला. चावला नाही, पण मुलगा पडला, कोपर सोललं आणि पोटरीवर दाताचा एक ओरखडा उठला. मोत्याला रेबीजची लस वेळेवर टोचलेली होती, कार्ड घरात होतं. तरी या बाबतीत ‘बहुतेक काही होणार नाही’ला अर्थ नसतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि वेळेवर जखम धुऊन लस घेतली तर तो टाळता येतो. आम्ही नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं ती जखम धुतली. शेजारच्या आजी हळद आणि मिरची घेऊन आल्या होत्या, त्यांना हात जोडून परत पाठवलं. सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी सुई, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि पुढच्या ठरल्या तारखेला. प्रत्येक खेपेला मी बरोबर गेलो. मुलाचा बाप रिक्षात माझ्या शेजारी बसायचा आणि बाहेर बघायचा. चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. कायद्याचंच म्हणाल तर आपल्या जनावराच्या बाबतीत असा निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. त्यानं तक्रार केली नाही. केली असती तर मला बोलायला जागा नव्हती.

त्यानंतर मोत्याला साखळी लागली. गल्लीत सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. आठ-दहा दिवसांत त्यानं खुंट्याभोवती जमिनीत गोल चर पाडला. दिवसभर त्या गोलात फिरायचा, रात्री रडायचा. योगायोगानं त्याच सुमारास १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वाचण्यात आला. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायची मालकानं हयगय करणं, हे त्या कायद्यात क्रूरतेत मोडतं. म्हणजे मोकळं सोडलं तर एक कलम, बांधलं तर दुसरं. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, आमच्या माहूरगडापासून घरोघरच्या कॅलेंडरपर्यंत. त्यातल्या एकाच्याही गळ्यात साखळी मी पाहिलेली नाही. पण दत्तगुरू प्लॉटिंगमध्ये राहत नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत सुतळी बॉम्बची लड लागली. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त; त्या कानांना तो आवाज कसा लागत असेल कोण जाणे. मोत्यानं जीव खाऊन हिसका दिला, पट्ट्याचं बक्कल तुटलं आणि तो गेला. ते पळणं वेगळं होतं. एरवी तो कशाच्या तरी मागे पळायचा, त्या रात्री कशापासून तरी पळत होता. वळून पाहणं नाही, थांबणं नाही.

तीन दिवस शोधलं. मुलीनं फोटो मोबाईलवरच्या सगळ्या गटांत पाठवला. ज्या मुलाला ओरखडा लागला होता तो दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘सर, मी रेल्वे रुळाकडं बघून येऊ का?’’ त्याला मी नको म्हटलं आणि आत जाऊन डोळ्यांवर पाणी मारलं. चौथ्या दिवशी अर्धापूरच्या बाजूनं एका केळीच्या गाडीवाल्याचा फोन आला. फोटोतलं कुत्रं एका आखाड्यावर आहे म्हणाला.

आखाड्यावर दोन लाल कंधारी बैल होते, केळीच्या पाल्याची सावली होती आणि त्या सावलीत मोत्या भाकरी खात बसला होता. मला पाहून उठला, पण जवळ आला नाही. आखाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मास्तर, बैलाला दावं लावतोत, पण कधी? दिवसभर औत वढून आल्यावर. मंग ते गुमान बसतंय. ह्यानं काय काम केलंय म्हणून दावं लावलाव?’’

मी उत्तर दिलं नाही. खाली जमिनीवर बसलो, त्याच्याकडे पाठ करून. हे डॉक्टरांनी शिकवलं होतं : मागे धावू नका, धावलात तर तो खेळ होतो, बसा, नाही तर उलट्या दिशेनं चालू लागा. बराच वेळ गेला. मग मानेला ओलं नाक लागलं.

तेव्हापासून आमच्या घरचं वेळापत्रक मोत्या ठरवतो. पहाटे पाचला मी त्याला सायकलबरोबर, लांब दोरीनं, असना नदीच्या बाजूला नेतो, तासभर. संध्याकाळी मुलगी नेते. भिंतीवर दोन फूट जाळी चढवली, गेटच्या आत कमरेएवढं दुसरं फाटक बसवलं, म्हणजे दूधवाल्यानं एक उघडं टाकलं तरी दुसरं राहतं. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पितळी पट्टी आली. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली बसवतात म्हणे, पण ती वाचायचं यंत्र सापडणाऱ्याकडे हवं. आखाड्यावरच्या बाबांना पितळी पट्टीच बरी. नसबंदीला आईचा विरोध होता, देवाच्या करणीत हात घालू नये म्हणून. डॉक्टरांनी समजावलं की मादीच्या वासानं होणारी भटकंती त्यानं बरीच कमी होते, सशामागं पळण्याची खोड मात्र जाणार नाही. तसंच झालं. दिवाळीच्या चार रात्री तो आतल्या खोलीत असतो, खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून. आई त्याच्याजवळ बसते आणि बाहेरच्यांना शिव्या घालते.

सगळ्यात वेळ लागला तो हाकेला. त्याचं नाव त्याच्या कानात मार म्हणूनच बसलं होतं. म्हणून हाक बदलली. आता मी शिट्टी वाजवतो आणि तो आला की प्रत्येक वेळी, न चुकता, भाकरीचा तुकडा देतो. आधी खोलीत, मग अंगणात, मग दोरी लावून रानात. सहा महिने लागले.

गेल्या मार्गशीर्षात त्याला माळेगावच्या यात्रेला नेलं. नांदेड-लातूर रस्त्यावरची ही खंडोबाची यात्रा घोड्या-गाढवांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथं कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. खंडोबाबरोबर कुत्रं असतंच, आणि वाघ्ये तर स्वतःलाच देवाचं कुत्रं म्हणवतात. लातूर-नांदेडकडचे कारवानी ओळीनं उभे होते, मोत्याचेच भाऊबंद. एका मालकाला विचारलं, ‘‘तुमचं पळत नाही का?’’ तो हसला. ‘‘पळतंय की. पळंना झालं तर दवाखान्यात न्यावं लागंल.’’ आम्हाला बक्षीस मिळालं नाही.

परवा दूधवाल्यानं दोन्ही फाटकं उघडी टाकली. सव्वासहाला आरोळी आली, शेजारच्या मुलाच्या बापाचीच. मी गच्चीवर गेलो आणि शिट्टी वाजवली. रानात लांब एक पांढुरका ठिपका थांबला, थोडा वेळ तसाच राहिला, पुन्हा पळाला. चाळीस मिनिटांनी तो गेटशी आला, अंगभर गोखरू, जिभेला फेस. माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. आईनं त्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला. आतल्या फाटकाला स्प्रिंग बसवायला आज मिस्त्री येणार आहे.