इंजिन बसतं ते पाण्यात

खाडीकाठच्या आमच्या घरामागं, झापांच्या खोपीत, अब्बांच्या होडीचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन कित्येक वर्षं पडून होतं. भंगारवाला वजनावर न्यायला तयार होता. पण धाकट्या भावाला तीच होडी पुन्हा मासेमारीला काढायची होती. शेवटी गावातल्या वयस्क मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी आधी हँडल काढून लांब ठेवलं. इंजेक्टर खोलून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं. म्हणाले, "आठ दिवस हात लावू नका." गंजानं धरलेला पिस्टन जोर लावून सोडवायला गेलं तर रिंगा तुटतात. नवव्या दिवशी फ्लायव्हील हातानं थोडं पुढं, थोडं मागं करत सुटलं.

अशा जुन्या इंजिनांत खाडीचं खारं पाणीच सिलिंडरभोवती फिरवून ते थंड ठेवतात. त्या वाटांमध्ये क्षार साचतात; ते खरवडून काढले. जस्ताचा तुकडाही नवा बसवला. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं.

चुकलो ते इंजिन बसवताना. होडी किनाऱ्यावर असतानाच आम्ही इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणून बोल्ट आवळले. पाण्यात उतरल्यावर होडी थरथरू लागली, शाफ्टचं बेअरिंग तापलं, ग्लँडमधून पाणी आत येऊ लागलं.

मिस्त्री हसले. "होडी पाण्यात गेली की लाकूड फुगतं, अंग बदलतं. जमिनीवरचं माप तिथं कसं चालेल?"

होडी दोन दिवस तरंगत ठेवली. मग कपलिंगचे बोल्ट काढून दोन तबकड्यांमधली फट वर, खाली, डावीकडं, उजवीकडं फिलर गेजनं मोजली. चार इंची कपलिंगला या चार मापांत चार थाउ, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त फरक नको. इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्र्या सारत ते जमवायला अख्खी दुपार गेली.

कागदाच्या जाडीएवढ्या त्या फरकानं समुद्रात इंजिन बंद पडू शकतं, आणि वाऱ्यात बंद पडलेली होडी खडकाकडं जायला वेळ लागत नाही. भाऊ आता त्याच होडीनं जाळं टाकायला जातो. पहाटे इंजिनाचा एकसारखा ठोका ऐकू आला, की अम्मी कूस बदलून पुन्हा झोपते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)