कोपी

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात परजिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोडणी कामगारांची तात्पुरती झोपडी. बांबूच्या कामट्यांची कमान करून तीवर चटया वा प्लॅस्टिकचा कागद टाकतात. आत वाकूनच शिरावे लागते. बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला व माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणी सहकारी कारखाने निघाले. तोडणीला माणसे मात्र मुख्यतः बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आदी जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त भागांतून दिवाळीच्या सुमारास येतात.

कोपीतील दिवस पहाटेपूर्वी, बाईच्या चुलीपासून सुरू होतो. फडात पुरुष ऊस तोडतो. स्त्री मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो, त्यामुळे तिच्या श्रमाची वेगळी नोंद नसते. टनावारी मजुरी मुकादमाकडून आधीच घेतलेल्या उचलीत वळती होते. हाती पैसा येतो तो बहुधा वाढ्यांचा : उसाचे हिरवे शेंडे स्थानिक पशुपालक चाऱ्यासाठी विकत घेतात व त्यावर मीठमिरची, चहासाखर भागते.

मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर नजीकच्या शाळेत प्रवेशाची तरतूद झाली. तथापि धाकटे भावंड सांभाळायचे असल्यास थोरली मुलगी कोपीवरच राहते. हंगामाअखेर कोप्या मोडतात. फिटली नसेल तेवढी उचल पुढील वर्षाच्या खात्यावर चढते.